आठ अक्षरांची नावं

इमारत पुनर्विकासाला जायची ठरली, जागा रिकामी करायची तारीख हातात पडली आणि आमच्या प्रकाशनाच्या ऑफिसात पहिला वाद झाला तो मागच्या खोलीतल्या गोदरेजच्या कपाटावरून. पुस्तकांचे गठ्ठे कुठे जाणार हे ठरलेलं होतं. कपाटाची मात्र किल्लीच सापडेना. किल्लीवाल्याला बोलावून ते उघडलं, तर आत वरपासून खालपर्यंत प्लास्टिकच्या डब्या आणि डब्यांत फ्लॉप्या. बहुतेक साडेतीन इंची, मागच्या रांगेत काही काळ्या, लवचीक, सव्वापाच इंची. एका खणात झिप डिस्क, सीडींची चळत, कुठल्यातरी प्रिंटरच्या सुकलेल्या रिबिनी. अगदी तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले शिशाचे खिळे, कुणीतरी आठवण म्हणून ठेवलेले असावेत. हिशेबनीस म्हणाले, “ताई, हे सगळं ई-कचऱ्यात.” ई-कचरा हा शब्द त्यांनी नुकताच कुठल्याशा पत्रकातून उचलला होता आणि तो वापरायची संधी ते शोधतच होते.

मी नको म्हणाले. जुन्या वस्तूंचा मला फारसा उमाळा येत नाही. हॉटेलांतून कंदील, ग्रामोफोन आणि पितळी डबे टांगून ठेवतात, त्या हौसेचा तर मला कंटाळाच आहे. त्या पुडीतले खिळे उद्या कुणी मागितले असते तर मी देऊन टाकले असते. पण खिळ्यांची गोष्ट वेगळी. ते जुळवले, फर्मा छापून झाला की पुन्हा आपापल्या खणात सोडले. मजकूर कागदावर गेला आणि खिळे पुढच्या कामाला मोकळे झाले. फ्लॉपीनं मजकूर पोटात ठेवून घेतला होता. तो अजून आत आहे की नाही हे बघितल्याशिवाय ती फेकायची कशी?

या फ्लॉप्या ज्या काळातल्या, त्या काळी कॉम्प्युटर ऑफिसात सोवळ्यातल्या देवासारखा राहायचा. त्याच्या खोलीला एसी आणि माणसांच्या खोलीला पंखा. चपला दाराबाहेर. संध्याकाळी काम संपलं की मॉनिटरवर, कीबोर्डवर आणि सीपीयूवर वेगवेगळी, मापानं शिवून घेतलेली कव्हरं. दसऱ्याला झेंडूचा हार, आणि हळदकुंकू फटीत जाणार नाही अशा बेतानं लावलेली बोटं. साडेतीन मुहूर्तांपैकी एकावर साडेतीन इंची फ्लॉपीची पूजा होते आहे, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नसावं. आज आपण या सगळ्याला हसतो, पण चपलांचा नियम अगदीच वेडगळ नव्हता. फ्लॉपीच्या ड्राइव्हमधलं हेड फिरत्या चकतीला प्रत्यक्ष टेकलेलं असतं. मध्ये धुळीचा कण आला की चकतीवर चरा, आणि त्या चऱ्याखाली कुणाच्या तरी कथेचा परिच्छेद.

आयबीएमनं १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी आणली तेव्हा तिच्यात जेमतेम ८० किलोबाइट मावत. सव्वापाच इंची १९७६ मध्ये आली, सोनीची साडेतीन इंची १९८१ मध्ये, आणि आपण सगळे जिला फ्लॉपी म्हणून ओळखतो ती १.४४ एमबीवाली १९८७ मध्ये. हा १.४४ म्हणजे गणितातली एक गंमत आहे. दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळं, प्रत्येक वर्तुळाचे १८ तुकडे, प्रत्येक तुकड्यात ५१२ बाइट: एकूण १४,७४,५६०. याला आधी १,०२४ नं भागलं, १,४४० किलोबाइट आले, मग कुणीतरी त्याला सरळ हजारानं भागून मोकळं झालं. पण मराठी मजकुराला तेवढी जागा ऐसपैस होती. दोनशे पानांची कादंबरी एका फ्लॉपीत आरामात बसे. आज फोनवर काढलेला कपाटाचा फोटो तिच्यात मावणार नाही.

कादंबरी बसे, पण ती कुठे पोचेलच याची खात्री नसे. ऑपरेटरकडून आमच्याकडे, आमच्याकडून फिल्म काढणाऱ्याकडे, असा तिचा प्रवास शर्टाच्या खिशातून आणि लूनावरून चाले. नेताना कायम दोन प्रती, कारण एक हटकून उडायची. स्पीकरजवळ ठेवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, आणि परकी फ्लॉपी तपासल्याशिवाय घालायची नाही. १९९० मध्ये भारतात सापडलेला एक व्हायरस फ्लॉपीतूनच पसरायचा. ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडून बसायचा आणि पडद्यावर फर्मान यायचं, ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. केलं की मशीन निमूट चालू. जगभर तो ‘जोशी’ याच नावानं ओळखला गेला. मराठी प्रकाशनव्यवसायात ही बातमी पोचली तेव्हा संशयाची सुई किती जणांकडे वळली असेल, याचा हिशेब न केलेला बरा.

फ्लॉपी वाचायचं यंत्र मिळवणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. सोनीनं जपानमधली फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली, तरी यूएसबीला जोडायचे छोटे ड्राइव्ह अजून ऑनलाइन मिळतात. ते फक्त साडेतीन इंची वाचतात. सव्वापाचवाल्या तूर्त बाजूला राहिल्या. पहिली फ्लॉपी घातली, कर्र कर्र आवाज आला आणि नव्यानं लागलेला मुलगा दचकून खुर्चीवरून उठला. त्याला वाटलं काहीतरी मोडलं. त्या आवाजात मोडल्याचा आवाज कुठला आणि वाचल्याचा कुठला हे ओळखणारी आमची पिढी, ही आमची एकमेव तांत्रिक पात्रता.

पुण्याचा पाऊस फ्लॉपीच्या पत्र्याखाली शिरतो. काही चकत्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. अशी फ्लॉपी तशीच घातली तर ती स्वतः तर वाचली जात नाहीच, वर हेड माखून ठेवते आणि मागून येणारी चांगली फ्लॉपी खरवडली जाते. म्हणून आधी पत्रा सरकवून, चकती फिरवून प्रत्येक फ्लॉपी उजेडात धरून बघायची, आणि डागाळलेल्या वेगळ्या काढायच्या. एवढं करून निम्म्याहून जास्त उघडल्या. चुंबकानं आपलं काम चोख केलं होतं. झिप डिस्कचं मात्र काही होईना, कारण तिचा ड्राइव्हच उरला नव्हता, आणि तो ज्या पॅरलल पोर्टला लागायचा ते भोकही आता नव्या कॉम्प्युटरला नसतं. त्या एका पोर्टवर तेव्हा तिघांची रांग असे: आधी फाँटचं ‘लॉक’, त्याच्या पाठीला झिप ड्राइव्ह, त्याच्या पाठीला प्रिंटर. एकाचं दुसऱ्याशी पटलं नाही की तिघंही संपावर.

उघडलेल्या फ्लॉप्यांत पहिली अडचण नावांची आली. डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांत संपवावं लागे, तेही रोमन. दिवाळी अंकाला दोन अक्षरं, वर्षाला दोन आकडे, लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं, उरलेल्या दोन जागांत प्रूफ कितवं ते. त्यामुळे जोशी, जोग आणि जोगळेकर एकाच ‘जेओ’मध्ये नांदत होते. कोणता जेओ कोणाचा, हे ऑफिसात तेव्हा सगळ्यांना तोंडपाठ असणार. ते कुणी कुठे लिहून ठेवलं नाही, कारण पाठ असलेल्या गोष्टी कुणी लिहीत नाही.

दुसरी अडचण मात्र खास आपली आहे. इंग्रजी मजकूर असलेली १९९४ ची फ्लॉपी उघडली की मजकूर वाचता येतो. मराठी फ्लॉपी उघडली की समोर येतात पौंडाची चिन्हं, डोक्यावर टिंबं दिलेले यू, उलटी प्रश्नचिन्हं आणि मध्येच एखादा टक्का. फाइल धडधाकट असते, एक बाइटही इकडचा तिकडे झालेला नसतो, आणि तरी पान मुकं असतं. त्या काळी संगणकाला मराठी येत नव्हतं. ते त्याला येतंय असं भासवलं जात होतं. फाँटमध्ये अक्षरांसाठी २५६ घरं. त्या घरांतून इंग्रजी चिन्हांना उठवून तिथे अर्धा श, काना, रफार, उकार, जोडाक्षरांचे तुकडे बसवले. पेजमेकरला, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरला, वाटायचं आपण विचित्र इंग्रजी लावतोय. कागदावर उमटायचं मराठी. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांनी त्या युक्तीवर मराठी छपाईचं एक अख्खं पर्व तोलून धरलं, आणि मला त्यांच्याविषयी आदरच आहे. पण प्रत्येकाची घरं वेगळी. एकाच्या घरात जिथे ‘क्ष’ राहतो तिथे दुसऱ्याच्या घरात अनुस्वार.

याला दुसरी वाट नव्हती असं नाही. आयआयटी कानपूरला सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्रात मजकूर अक्षरांच्या उच्चारक्रमानं साठवला जायचा, आणि ‘इस्की’ नावाचं भारतीय प्रमाण १९९१ मध्ये मंजूरही झालं होतं. युनिकोडमधली देवनागरी त्याच घराण्यातून आली. पण छापखान्याला प्रमाणापेक्षा पान वेळेवर हवं असतं. पान पेजमेकरमध्ये लागायचं आणि पेजमेकरला फक्त फाँट कळायचा. विंडोजनं २००० मध्ये देवनागरी स्वीकारली, तरी पानं लावायच्या सॉफ्टवेअरना ती शहाणपणानं यायला आणखी बरीच वर्षं गेली. म्हणून पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये येऊनही मराठी प्रकाशनांतून तो पुढे कितीतरी वर्षं हलला नाही. आमच्याकडे कोपऱ्यात विंडोज एक्सपीचं एक मशीन अजून आहे. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीवरून हात काढून घेतला ८ एप्रिल २०१४ ला. आमचं मशीन हे ऐकायला इंटरनेटवर कधी गेलंच नाही, म्हणून ते सुखरूप आहे. त्याच्या पाठीला ते लॉकही आहे, दोन बोटांएवढं, पांढुरकं. ते हरवलं तर सॉफ्टवेअर उघडत नाही. कपाटाची किल्ली हरवली, पण ही सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून जपली, यात काहीतरी आहे.

अशी कोपऱ्यातली मशीनं मोठमोठ्यांच्या घरीही असतात. अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या संदेशयंत्रणेत आठ इंची फ्लॉप्या २०१९ पर्यंत होत्या. एके काळी एअर इंडियाच्याही ताफ्यात असलेलं बोइंग ७४७-४०० हे विमान आपला मार्गदर्शनाचा ताजा मजकूर दर अठ्ठावीस दिवसांनी साडेतीन इंची फ्लॉपीतून घेई. जपान सरकारला तर फ्लॉपीतच अर्ज द्या असं सांगणारे हजाराहून अधिक नियम निघाले, आणि ते मोडीत काढायला २०२४ साल उजाडलं. यातल्या बहुतेकांना आपण मागासलेलो आहोत हे कळत होतं. पण विमानातली एक तार बदलायची तर तिची तपासणी, प्रमाणपत्रं, पुन्हा तपासणी. चालतंय त्याला हात लावायचा नाही, हे सरकारी ऑफिसातलं तत्त्वज्ञान आकाशातही तितकंच चालतं. उगाच टिकून राहिलेली आणि कारणानं टिकून राहिलेली वस्तू यांत मात्र फरक करायला हवा. बँकेत कर्कश ओरडणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून आहे, कारण तो कागदावर ठोका मारतो. कार्बनखालच्या प्रतीपर्यंत तो ठोका पोचतो. शाई शिंपडणाऱ्या देखण्या प्रिंटरला ते जमणार नाही.

या सगळ्या उलथापालथीत मला राहून राहून मोडीची आठवण येत होती. पुण्यातल्याच पेशवे दप्तरात मोडी कागदांचे इतके रुमाल आहेत की ते पूर्ण वाचून काढणं कुणा एका पिढीचं काम नाही. गो. स. सरदेसायांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातून निवडक कागद काढले, त्यांचेच पंचेचाळीस खंड झाले. उरलेले कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे. वाचणारे थोडे आहेत. वस्तू जुनी झाल्यानं निरुपयोगी होत नाही. तिच्याबरोबरची मंडळी पांगली की होते. कागदाबरोबर मोडी वाचणारा, फ्लॉपीबरोबर ड्राइव्ह, ड्राइव्हबरोबर फाँट, फाँटबरोबर लॉक, आणि त्या आठ अक्षरांबरोबर ती पाठ असलेला माणूस. गंमत अशी की मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये रीतसर घर मिळालं. मोडी शिकायचे वर्गही चालतात. आमच्या ऑफिसातल्या फाँटची घरवाटणी मात्र कुठे छापलेली मला मिळाली नाही. शिवकालीन पत्र वाचायला शिक्षक मिळेल, १९९५ चा दिवाळी अंक वाचायला कोण मिळणार?

मिळाले. अण्णा. आमच्याकडे ते खिळे जुळारी म्हणून लागले होते. छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी त्यांना, पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाला, कॉम्प्युटरसमोर बसवलं. आमच्या जुन्या पुस्तकांत ‘अक्षरजुळणी’ या शब्दापुढे संस्थेचं नाव आहे, त्यांचं नाही. आता ते सिंहगड रोडला मुलाकडे असतात. फोन केला तर म्हणाले, “लॉक आहे ना? मग येतो.” आले, आणि एक्सपीच्या मशीनकडे न जाता थेट माझ्या पडद्यावरची पौंड-टक्क्यांची रांगोळी वाचायला लागले. अडखळत, पण वाचायला लागले. कोणतं चिन्ह कोणत्या कळीवर आणि त्या कळीवर मराठी काय, हे त्यांच्या बोटांत होतं. ते हवेत बोटं चालवायचे आणि शब्द सांगायचे. नवा मुलगा त्यांच्याशेजारी कागद घेऊन बसला आणि त्यानं घरवाटणीचा तक्ता उतरवून घेतला. मग त्यावरून त्यानं रूपांतराचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. पुढे काही दिवस त्या दोघांना माझी गरज नव्हती. चहा तेवढा लागायचा.

रूपांतर सरळ नसतं. ह्रस्व वेलांटी डोळ्याला अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाँटमध्ये ती आधी साठवलेली असते. युनिकोडला ती अक्षरानंतर हवी. तशीच नेली तर ‘कविता’मधली वेलांटी जाऊन ‘क’ला चिकटते. रफाराचं उलट: ‘सूर्य’मधला रफार ‘य’वर दिसतो म्हणून ‘य’च्या मागून येतो, पण उच्चार त्याच्या आधी. प्रोग्रामनं नव्वद टक्के पेललं. उरलेलं अण्णांनी प्रूफासारखं वाचून काढलं, लाल पेनानं, पडद्याची छापील प्रत मागून घेऊन. त्यांच्या आठवणीमुळेच ‘जेओ’ वेगळे झाले. “हा जोग नाही, जोगांचा लेख कधीच तीन प्रुफांत संपला नाही,” असा त्यांचा पुरावा.

तुम्ही विचाराल, जे छापून आलंच आहे ते पुन्हा फ्लॉपीतून काढण्यात काय हशील? हिशेबनिसांनी नेमकं हेच विचारलं. बहुतेक फायलींबाबत उत्तर होतं, काही नाही. छापील अंक ग्रंथालयात आहे, त्याला ना ड्राइव्ह लागतो ना लॉक, आणि तो आपल्या आधी मरणारही नाही. पण सगळं तसंच्या तसं छापलेलं नसतं. १९९५ च्या दिवाळी अंकातला विदर्भातल्या एका लेखिकेचा आठवणींचा लेख आम्ही फ्लॉपीतल्या प्रतीशी ताडून पाहिला. अंकात तो वडिलांच्या मृत्यूशी संपतो. कापसाच्या गावात जिनिंगमध्ये काट्यावर बसणारे वडील, त्यांची शिस्त, त्यांचं जाणं. वडिलांवरचा उत्तम लेख म्हणून तो नावाजला गेला, दोन संग्रहांतही गेला. फ्लॉपीतल्या दुसऱ्या प्रूफात पुढे तीन पानं आहेत. त्यात आई आहे. दीर हक्क सांगायला येतात, आणि तेराव्याच्या आत ती बाई डोक्यावरचा पदर सारखा करून जिनिंगमध्ये जाऊन त्या काट्यावर बसते. रुई किती, सरकी किती, हिशेब तोंडी. गाव आठवडाभर बघायला येतं, मग बघायचं सोडून देतं. लेख तिच्याबद्दल होता. वडील ही प्रस्तावना होती.

अण्णांना आठवत होतं. शेवटच्या क्षणी पानभर जाहिरात आली, शिवाय फर्मा वाढवायचा नव्हता. तेव्हाच्या संपादकांनी विरामाची जागा बघून कापलं. हस्तलिखित जुळणी झाल्यावर रद्दीत गेलं, तशी सगळीच जायची. लेखिका आता नाहीत. मी त्यांच्या मुलीचा नंबर मिळवून तिला ती तीन पानं पाठवली आणि धास्तावून तिच्या फोनची वाट पाहिली.

फोन आला. “ताई,” ती म्हणाली, “आई शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या लेखाची शेपूट कापली म्हणून. आम्हाला वाटायचं, लेखक असंच म्हणतात.” मग थोडं इकडचं तिकडचं झालं. हा लेख येत्या दिवाळीत पूर्ण छापायचा आहे, तुमची परवानगी हवी, असं मी सांगितलं. परवानगी तिनं लगेच दिली आणि विचारलं, तेव्हा मानधन मिळालं होतं ते छापलेल्या पानांचं, मग या तीन पानांचं राहिलेलं द्यायचं ते १९९५ च्या दरानं की आत्ताच्या? मी म्हटलं, हिशेबनिसांना विचारून सांगते.